सहकारी रुग्णालय उभारताना: मालकी, सभासदाचे हक्क आणि नोंदणीची वाट

खाजगी रुग्णालय डॉक्टरांच्या किंवा कंपनीच्या मालकीचे असते, धर्मादाय रुग्णालय विश्वस्तांच्या हाती असते आणि सरकारी रुग्णालय शासन चालवते. सहकारी रुग्णालयाचे मालक त्याचे सभासद असतात आणि ही मालकी केवळ नावापुरती नसते, कारण संचालक मंडळ निवडण्यापासून नफ्याचे काय करायचे इथपर्यंतचे निर्णय सभासदांच्या मतावर ठरतात. तालुक्याच्या गावी असे एक रुग्णालय उभे करण्याच्या कामात मी प्रवर्तक मंडळात, म्हणजे संस्था उभारायला पुढे आलेल्या मंडळींत होतो आणि नोंदणीनंतर काही काळ व्यवस्थापन समितीतही काम केले. तेव्हापासून आसपासच्या गावांतील डॉक्टर, शिक्षक, दूध संस्थांचे कार्यकर्ते या विषयाची चौकशी करायला येतात. त्यांना तोंडी सांगत आलो ते येथे क्रमाने लिहीत आहे. कायद्याचे संदर्भ महाराष्ट्रापुरते आहेत.

येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो नोंदणीचा: अर्ज कुठे करायचा आणि किती दिवस लागतात? माझ्या मते तो पहिला प्रश्न नव्हे. शेअर घेणाऱ्या माणसाला त्या शेअरच्या बदल्यात नेमके काय मिळणार, हे शेअरची पहिली पावती फाडण्यापूर्वी कागदावर ठरले पाहिजे. पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ याच एका गोष्टीच्या संदिग्धतेत असते, म्हणून या लेखातील सर्वांत मोठा भागही त्यालाच दिला आहे.

1. मालकीचा प्रकार निवडा

आरोग्यसेवेत सहकाराचे ढोबळमानाने चार प्रकार दिसतात आणि ते एकमेकांत मिसळण्यापूर्वी वेगवेगळे समजून घ्यावेत.

पहिला प्रकार नागरिकांच्या मालकीचा. यात सेवा घेणारे किंवा घेऊ शकणारे लोक सभासद असतात. मुंबईत दादरचे शुश्रूषा नागरिक सहकारी रुग्णालय हे याचे आपल्याकडचे सर्वांत परिचित उदाहरण असून 1960 च्या दशकात डॉ. व्ही. एस. रणदिवे यांच्या पुढाकाराने ते आकाराला आले. सोलापुरात अश्विनी सहकारी रुग्णालय आणि मार्कंडेय सहकारी रुग्णालय ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. केरळात तर थलश्शेरी, पेरिंतलमण्णा अशा गावांतून सहकारी रुग्णालयांची परंपराच आहे. जपानमधील आरोग्य सहकारी संस्था 1948 च्या ग्राहक सहकार कायद्याखाली चालतात आणि तेथे सभासद ‘हान’ नावाच्या छोट्या शेजारगटांत एकत्र जमून एकमेकांचा रक्तदाब मोजतात, लघवीतील मिठाचे प्रमाण तपासतात. म्हणजे सभासद केवळ आजारी पडल्यावर रुग्णालयात येत नाही, आजार टाळण्याच्या कामातही तो सहभागी असतो. आपल्याकडील संस्थांनी घ्यावी अशी ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे असे मला वाटते.

दुसरा प्रकार डॉक्टरांच्या मालकीचा. ब्राझीलमध्ये 1967 साली सांतोस शहरात सुरू झालेली युनिमेड ही डॉक्टरांची सहकारी संस्था पुढे देशभर पसरली. यात निर्णय लवकर होतात आणि वैद्यकीय गुणवत्तेवर लक्ष राहते, परंतु दर ठरवताना रुग्णाची बाजू मांडणारा कोणी टेबलाजवळ बसलेला नसतो.

तिसरा प्रकार आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मालकीचा. गुजरातेत ‘सेवा’ (सेल्फ एम्प्लॉइड विमेन्स असोसिएशन) या कष्टकरी महिलांच्या संघटनेतून 1990 साली उभी राहिलेली लोकस्वास्थ्य सहकारी संस्था गावोगावच्या आरोग्यसेविका आणि दाया यांची आहे. चौथ्या प्रकारात रुग्णालय उभारलेच जात नाही. सहकारी संस्थांचे सभासद वर्गणी भरून उपचारांचा खर्च वाटून घेतात. कर्नाटकातील यशस्विनी योजना 2003 पासून याच तत्त्वावर शेतकऱ्यांच्या शस्त्रक्रियांसाठी चालवली गेली.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी नागरिक आणि डॉक्टर यांची मिश्र सभासदता सुचवतो, मात्र एका अटीवर: संचालक मंडळात कोणत्या गटाच्या किती जागा राहतील हे उपविधीतच, म्हणजे संस्थेच्या नोंदणीकृत नियमांतच लिहिलेले असावे. ‘सगळे आपलेच आहेत’ या भरवशावर सोडलेली ही बाब पहिल्याच निवडणुकीत वादाला कारण होते.

2. सभासदाला काय मिळणार ते लिहून काढा

रात्री दहा वाजता बिलाच्या खिडकीसमोर काय घडते ते डोळ्यांसमोर आणा. रुग्णाला घरी सोडायचे आहे, नातेवाईक थकलेले आहेत, एक जण पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) काढतो आणि म्हणतो, ‘आम्ही शेअर होल्डर आहोत, आमचं बिल निम्मं करा.’ खिडकीतील मुलीसमोर दरपत्रक आहे, पण सभासदाला सवलत किती आणि कशावर याचा ठराव तिच्याकडे नाही. ती व्यवस्थापकाला फोन करते, व्यवस्थापक संचालकाला करतो, आणि ज्या संचालकाची ओळख जास्त त्याचा रुग्ण कमी पैसे भरून जातो. दुसऱ्या दिवशी ही बातमी गावभर झालेली असते. ज्याने निमूटपणे पूर्ण बिल भरले तो सभासद मनातून संस्थेपासून तुटतो आणि पुन्हा सभेला येत नाही.

हे टाळायचे असेल तर पुढील मुद्दे उपविधीत किंवा त्याला जोडून केलेल्या नियमावलीत स्पष्ट शब्दांत यायला हवेत.

सवलत कशावर द्यायची, हा पहिला मुद्दा. एकूण बिलावर सरसकट टक्केवारी देऊ नका. औषधे, इम्प्लांट, बाहेरच्या प्रयोगशाळेतील तपासण्या आणि भेट देणाऱ्या तज्ज्ञांचे शुल्क हा पैसा संस्थेकडे राहत नाही, तो दुसऱ्याला द्यायचा असतो. त्यावर सवलत दिली तर ती संस्थेच्या खिशातून जाते. खाटेचे भाडे, बाह्यरुग्ण विभागातील केसपेपर, संस्थेच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतील तपासण्या आणि वर्षातून एक आरोग्य तपासणी एवढ्यापुरती सवलत ठेवली तर ती संस्थेला झेपते आणि सभासदालाही मोजता येते.

सवलत कोणाला, हा दुसरा. सभासद म्हणजे एक व्यक्ती, पण घरात आई-वडील, मुले, सुना, जावई असतात. कुटुंबाची व्याख्या लिहा आणि प्रत्येक सभासदाकडून कुटुंबातील व्यक्तींची यादी सभासदत्वाच्या अर्जासोबतच घ्या. नाहीतर खिडकीवर भाचे आणि पुतणे कुटुंबात येतात की नाही यावर चर्चा सुरू होते.

तिसरा मुद्दा रांगेचा आहे आणि तो मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. तातडीच्या विभागात आणि अतिदक्षता विभागात सभासद व बिगरसभासद असा कोणताही भेद होणार नाही, प्राधान्य केवळ प्रकृतीच्या गांभीर्यावर ठरेल, हे वाक्य उपविधीत असलेच पाहिजे आणि दर्शनी भागात फलकावरही लावले पाहिजे. मालकीचा हक्क सभेत बजावायचा असतो. दुसऱ्याच्या छातीत दुखत असताना त्याच्या पुढे उभे राहण्याचा हक्क शेअरने मिळत नाही. हे सभासदांना शेअर विकतानाच सांगावे. ऐकणारे बहुतेक लोक ते मनापासून मान्य करतात, कारण उद्या ती वेळ आपल्यावरही येऊ शकते हे त्यांना कळते.

चौथा मुद्दा पैशांचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार एका सभासदाला एकच मत असते, मग त्याचे शेअर कितीही असोत. कोणाही एका व्यक्तीला एकूण भागभांडवलाच्या एक पंचमांशापेक्षा अधिक भाग (शेअर) धारण करता येत नाहीत. निव्वळ नफ्यातील किमान एक चतुर्थांश रक्कम राखीव निधीत टाकावी लागते आणि लाभांश सर्वसाधारणपणे 15 टक्क्यांच्या वर देता येत नाही. शेअर हस्तांतरित करायचा तर तो किमान एक वर्ष धारण केलेला असावा लागतो आणि घेणाराही सभासद होण्यास पात्र असावा लागतो. म्हणजे हा शेअर बाजारातल्या शेअरसारखा भाव वाढण्यासाठी घेतला जात नाही. प्रचाराच्या उत्साहात एखादा कार्यकर्ता ‘पाच वर्षांत दुप्पट होतील’ असे बोलून जातो आणि ते ऐकलेले वाक्य लोक वर्षानुवर्षे विसरत नाहीत. म्हणून शेअर गोळा करायला बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हाती एकाच मजकुराचे एक पानी माहितीपत्रक द्या आणि त्यापलीकडे काही बोलू नका अशी सूचना लेखी द्या.

वारसाची नोंद ही आणखी एक बाब, जी शेअर घेताना अशुभ वाटून टाळली जाते. अर्जावर नामनिर्देशनाचा रकाना रिकामा असेल तर अर्ज स्वीकारू नका. सभासदाच्या निधनानंतर वारसांना दाखले गोळा करत फिरावे लागते आणि तोवर तो शेअर अडकून पडतो.

3. डॉक्टरांचे स्थान आणि हितसंबंध

रुग्णालय इमारतीने नव्हे तर डॉक्टरांनी चालते. तरीही प्रवर्तक मंडळात डॉक्टरांशी करार कसा करायचा यावर चर्चा सर्वांत शेवटी होते. तीन पर्याय असतात: पूर्णवेळ पगारी डॉक्टर, ठरलेल्या दिवशी येऊन प्रति रुग्ण शुल्क घेणारे तज्ज्ञ, आणि या दोन्हींचे मिश्रण. लहान गावात पहिल्या दिवसापासून सर्व तज्ज्ञ पगारावर ठेवणे परवडत नाही, पण निवासी वैद्यकीय अधिकारी, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका यांच्या बाबतीत पूर्णवेळ व्यवस्था नसेल तर रात्रीच्या प्रसूती आणि अपघात हाताळता येत नाहीत. आधी ही माणसे पक्की करा, मग खाटांची संख्या ठरवा. क्रम उलटा केल्यास खाटा रिकाम्या राहतात.

संस्थेशी होणाऱ्या करारात संचालकाचा वैयक्तिक आर्थिक हितसंबंध असू नये, हे सहकार कायद्याचे मूलभूत बंधन आहे. गावात स्वतःचे नर्सिंग होम चालवणारा डॉक्टर सहकारी रुग्णालयाचा संचालक होऊ शकतो का, संचालक असलेल्या डॉक्टरला संस्था प्रति शस्त्रक्रिया शुल्क देऊ शकते का, संचालकाच्या मेडिकल दुकानातून औषधे घेता येतील का, हे प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतात. त्यांची उत्तरे चहाच्या टेबलावर शोधू नका. उपविधीचा मसुदा तयार होत असतानाच सहकारी संस्थांची नोंदणी करणाऱ्या निबंधक कार्यालयाकडून आणि सहकार कायद्यात मुरलेल्या वकिलाकडून लेखी मत घ्या. डॉक्टरांचे ज्ञान मंडळाला हवेच असते, त्यासाठी तज्ज्ञ संचालक स्वीकृत करण्याची तरतूद कायद्यात आहे. अशा संचालकांना पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीत मत नसते.

रुग्ण पाठवणाऱ्याला टक्केवारी देण्याच्या प्रथेबद्दल एक ठराव पहिल्याच सभेत करून घ्या: संस्था कोणालाही असे पैसे देणार नाही आणि संस्थेतून बाहेर तपासणीसाठी रुग्ण पाठवताना घेणारही नाही. सुरुवातीला यामुळे रुग्णसंख्या कमी राहते हे खरे आहे. परंतु ज्या रुग्णालयाचे मालकच रुग्ण आहेत, तेथे अशी टक्केवारी शेवटी सभासदाच्याच बिलातून वसूल होते. त्यामुळे या बाबतीत तडजोडीला जागा नाही, असे माझे ठाम मत आहे.

वैद्यकीय निर्णय आणि कारभार यांच्यामधली रेघही येथेच आखावी. कोणत्या रुग्णाला दाखल करायचे, कोणते औषध द्यायचे, केव्हा घरी सोडायचे हे डॉक्टर ठरवतील. दर, खरेदी, नेमणुका आणि हिशेब समिती पाहील. एखाद्या संचालकाने वॉर्डात जाऊन उपचारांबाबत सूचना दिल्या तर त्याची नोंद व्हावी, अशी व्यवस्था असली पाहिजे.

4. पैशांचे गणित

नोंदणीच्या अर्जासोबत संस्था आर्थिकदृष्ट्या सक्षम कशी राहील याची योजना द्यावी लागते. अनेक जण ती औपचारिकता समजून दुसऱ्या संस्थेच्या कागदावरून उतरवतात. तसे करू नका. समजा, 2,000 सभासदांनी प्रत्येकी 5,000 रुपयांचे शेअर घेतले तर 1 कोटी रुपये जमा होतील. जागा, इमारत, शस्त्रक्रियागृह, जनरेटर, ऑक्सिजनची व्यवस्था आणि यंत्रसामग्री यांच्या समोर ही रक्कम तोकडी आहे, हे कागदावर मांडले की लगेच दिसते. उरलेले पैसे कर्जातून येतात आणि त्यांचे हप्ते रुग्णसंख्या वाढण्यापूर्वीच सुरू होतात.

कर्जासाठी राष्ट्रीय सहकारी विकास निगमाची आयुष्मान सहकार योजना पाहावी. ती 19 ऑक्टोबर 2020 रोजी 10,000 कोटी रुपयांच्या तरतुदीसह जाहीर झाली. रुग्णालयाची उभारणी व आधुनिकीकरण यांच्याबरोबर खेळते भांडवल आणि मार्जिन मनी (प्रकल्पात संस्थेने स्वतः घालायचा वाटा) यांसाठीही ती मदत देते, आणि महिलांचे बहुमत असलेल्या संस्थांना व्याजात 1 टक्का सवलत मिळते. या योजनेची एक अट नीट वाचा: आरोग्यसेवेचे काम करण्याची तरतूद संस्थेच्या उपविधीत असली पाहिजे. याचा दुसरा अर्थ असा की, तुमच्या गावात चांगली चालणारी एखादी सहकारी संस्था आधीपासून असेल तर उपविधी दुरुस्ती करून तिलाही रुग्णालयाकडे वळता येते. नवी संस्था काढण्यापूर्वी या वाटेचा विचार अवश्य करावा.

खेळत्या भांडवलाकडे दुर्लक्ष हा नेहमीचा सापळा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या शासकीय योजनांतून किंवा विमा कंपन्यांकडून मिळणारे पैसे उपचारानंतर काही काळाने येतात, तर पगार, वीज आणि औषधांची बिले दर महिन्याला द्यावी लागतात. किमान काही महिन्यांचा चालू खर्च बाजूला ठेवल्याशिवाय दारे उघडू नयेत. आणि पैसे कमी पडले म्हणून पतसंस्थेसारख्या ठेवी लोकांकडून गोळा करण्याचा मोह कटाक्षाने टाळा, कारण ठेवी आणि कर्जे यांवर कायद्याची बंधने आहेत आणि रुग्णालय अडचणीत आले तर म्हाताऱ्या माणसांची बचत त्यात बुडते. करमाफीच्या बाबतीतही गृहीत धरून चालू नये. ‘सहकारी’ या शब्दाने रुग्णालयाचा नफा आपोआप करमुक्त होत नाही, त्यासाठी सनदी लेखापालाचा सल्ला सुरुवातीलाच घ्यावा.

5. संस्थेची नोंदणी

प्रथम इच्छुकांची प्रवर्तक सभा घ्या. तिच्यात मुख्य प्रवर्तक निवडा, संस्थेचे नियोजित नाव, कार्यक्षेत्र, भागाची किंमत व प्रवेश फी यांचे ठराव करा आणि इतिवृत्तावर उपस्थितांच्या सह्या घ्या. त्यानंतर निबंधक कार्यालयाकडे नाव आरक्षणासाठी व बँकेत खाते उघडण्याच्या परवानगीसाठी अर्ज करायचा असतो. कार्यक्षेत्र आणि स्वरूप यांनुसार तो तालुक्याचे सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक यांच्याकडे जातो. कोणाकडे जायचे हे आधी विचारून घ्यावे.

शेअरची रक्कम फक्त नियोजित संस्थेच्या नावाने उघडलेल्या खात्यात भरा. मुख्य प्रवर्तकाच्या वैयक्तिक खात्यात, अगदी दोन दिवसांसाठीसुद्धा, एक रुपयाही जाऊ देऊ नका. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी असा व्यवहार पुढे कधीच समाधानकारकपणे सिद्ध करता येत नाही.

कायद्यानुसार वेगवेगळ्या कुटुंबांतील आणि कार्यक्षेत्रात राहणाऱ्या किमान 10 व्यक्ती आवश्यक आहेत, परंतु संस्थेच्या प्रकारानुसार निबंधक याहून मोठी संख्या ठरवू शकतात आणि रुग्णालयासारख्या प्रकल्पाला 10 सभासदांचा काही उपयोगही नाही. कार्यक्षेत्र ठरवताना विचार करा. सिंधुदुर्गातील संस्थेला गोव्यातील किंवा चंदगडच्या संस्थेला बेळगावकडील सभासद घ्यायचे असतील तर ती राज्याच्या कायद्यात बसत नाही. त्यासाठी बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम, 2002 खाली जावे लागते आणि तेथे प्रत्येक राज्यातील किमान 50 व्यक्ती लागतात. सुरुवातीला एका राज्यापुरते राहणे सोयीचे.

अर्जासोबत लागणारी कागदपत्रे:

- विहित नमुन्यातील नोंदणी अर्ज आणि त्याला जोडायची विवरणपत्रे
- प्रवर्तक सभेचे इतिवृत्त आणि मुख्य प्रवर्तकाच्या निवडीचा ठराव
- नाव आरक्षणाचे पत्र
- भाग व प्रवेश फी भरणाऱ्या व्यक्तींची यादी, त्यांचे ओळखीचे व पत्त्याचे पुरावे
- नियोजित संस्थेच्या खात्यातील शिलकीचा बँकेचा दाखला
- उपविधीच्या चार प्रती
- संस्था आर्थिकदृष्ट्या सक्षम राहील हे दाखवणारी योजना
- जागेचा पुरावा: भाडेकरार, खरेदीखत किंवा संमतीपत्र
- नोंदणी शुल्क भरल्याचे चलन

परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून दोन महिन्यांत निबंधकांनी निर्णय द्यावा अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात वेळ जातो तो त्रुटी पत्रांत. एका प्रतीत उपविधीचे एक पान जुने राहते, यादीतील नाव आधारकार्डावरील नावाशी जुळत नाही, बँकेच्या दाखल्यातील रक्कम आणि यादीची बेरीज यांत शंभर-दोनशे रुपयांचा फरक पडतो, कारण कोणीतरी प्रवेश फी भागाच्या रकमेत मिसळलेली असते. अर्ज दाखल करण्यापूर्वी दोघांनी समोरासमोर बसून, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने खूण करायची, अशा पद्धतीने सर्व प्रती तपासाव्यात. दाखल केल्यावर आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये.

6. रुग्णालयाचे परवाने

संस्थेची नोंदणी झाली म्हणजे रुग्णालय सुरू करता येते असा गैरसमज आहे. संस्था ही फक्त मालक आहे, रुग्णालयाला स्वतंत्र परवानग्या लागतात.

- महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 खालील नोंदणी. तिचे दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. 2021 च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे व तक्रार निवारणाची व्यवस्था ठेवणे बंधनकारक आहे.
- जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र आणि सामाईक प्रक्रिया केंद्राशी करार.
- अग्निशमन विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र, आणि त्यानंतर परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी व जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र.
- सोनोग्राफी यंत्र असल्यास गर्भलिंग निदानास प्रतिबंध करणाऱ्या 1994 च्या कायद्याखाली नोंदणी.
- एक्स-रे व सीटी स्कॅनसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी.
- औषध दुकानासाठी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना आणि नोंदणीकृत औषधनिर्माता.

यातील दोन बाबींवर जास्त लक्ष द्या. 9 जानेवारी 2021 रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून 10 बालके दगावली. अग्निसुरक्षेचा खर्च ‘पुढच्या वर्षी करू’ असे म्हणणाऱ्या कोणत्याही संचालकासमोर ही तारीख ठेवावी. विशेषतः ऑक्सिजन असलेल्या कक्षांतील वायरिंगचा भार, बाहेर पडण्याचे दोन मार्ग आणि रात्रपाळीच्या परिचारिकांचा सराव यांत काटकसर होऊ नये.

दुसरी बाब सोनोग्राफीची. प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीच्या नोंदीचा ‘एफ’ नमुना पूर्ण भरलेला आणि सही केलेला असावा आणि महिन्याचा अहवाल पुढील महिन्याच्या 5 तारखेपर्यंत गेला पाहिजे. नोंदणी विशिष्ट जागेसाठी आणि विशिष्ट यंत्रासाठी असते. यंत्र एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत हलवणेही परवानगीशिवाय करता येत नाही, हे नव्या व्यवस्थापकांना ठाऊक नसते.

कचऱ्याच्या बाबतीत सांगायचे तर पिवळी, लाल, पांढरी आणि निळी ही वर्गवारी कर्मचाऱ्यांना एकदा शिकवून भागत नाही. सुया पांढऱ्या न फाटणाऱ्या डब्यात, काच निळ्यात, सलाईनच्या नळ्या लालमध्ये आणि रक्ताने माखलेला कापूस पिवळ्यात. साठवण 48 तासांपेक्षा जास्त नको. पिशव्या वजन करून बारकोडसह गाडीत चढवल्या जात असताना आठवड्यातून एकदा तरी व्यवस्थापकाने तेथे स्वतः उभे राहावे. वॉर्डात वर्गीकरण नीट होते की नाही, हे त्या दहा मिनिटांत समजते.

7. पहिले वर्ष

नोंदणीनंतर तीन महिन्यांच्या आत पहिली सर्वसाधारण सभा घ्यायची असते. संचालक मंडळात जास्तीत जास्त 21 जण असू शकतात. त्यात दोन जागा महिलांसाठी आणि प्रत्येकी एक जागा अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास वर्ग आणि भटक्या विमुक्त जाती-जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी राखीव असते. निवडणुका राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणामार्फत होतात. दोन महिलांच्या जागा ही कायद्याची किमान अट आहे. प्रसूतिगृह चालवणाऱ्या संस्थेने तेवढ्यावर समाधान मानू नये.

सभासद नोंदवही ‘आय’ नमुन्यात आणि सभासदांची यादी ‘जे’ नमुन्यात पहिल्या दिवसापासून लिहावी. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते. निबंधकांच्या नामिकेवरील (मान्यताप्राप्त यादीतील) लेखापरीक्षकाकडून तपासणी 31 जुलैपर्यंत, तर वार्षिक सर्वसाधारण सभा आणि विवरणपत्रे ही कामे 30 सप्टेंबरच्या आत उरकावी लागतात. लेखापरीक्षकाने दाखवलेल्या दोषांचा दुरुस्ती अहवालही वेळेत पाठवावा लागतो. एप्रिलमध्येच त्याच्यासोबत बसले तर हे सहज होते. ऑगस्टमध्ये धावाधाव केली तर सभेच्या अहवालातील आकडे छापखान्यात बदलावे लागतात.

तक्रारींचे मार्ग दोन आहेत आणि ते सभासदांना समजावून सांगावेत. शेअर, सभासदत्व, निवडणूक किंवा समितीचा निर्णय याबाबतचा वाद सहकार कायद्यातील यंत्रणेकडे, म्हणजे निबंधक किंवा सहकार न्यायालयाकडे जातो. उपचारातील हलगर्जीपणाची तक्रार ग्राहक आयोगाकडे जाते, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालापासून मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आहे. संस्थेचा मालक असलेल्या सभासदालाही रुग्ण म्हणून हा मार्ग मोकळा असतो. त्याने तो वापरला म्हणून त्याला संस्थाद्रोही ठरवू नये आणि सभासदत्वावरून काढण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नये.

वार्षिक सभेची विषयपत्रिका तयार करताना ताळेबंद, अंदाजपत्रक आणि लेखापरीक्षकाची नेमणूक या नेहमीच्या विषयांबरोबर तीन आकडे छापून द्यावेत: वर्षभरात किती रुग्णांवर उपचार झाले, सभासदांना एकूण किती रुपयांची सवलत दिली गेली, आणि तक्रार वहीत किती तक्रारी आल्या व त्यांपैकी किती निकाली निघाल्या. सवलतीचा आकडा छापल्याने संचालकांच्या ओळखीवर होणारी माफी आपोआप थांबते. सभा रविवारी सकाळी ठेवा, अहवाल किमान 14 दिवस आधी पोहोचवा, आणि सभेच्या ठिकाणी डॉक्टरांनाही समोर बसवा, म्हणजे सेवेविषयीच्या प्रश्नांची उत्तरे तेथेच मिळतील.